शमुवेल (नाव)

शमुवेल हे मूळचे हिब्रू भाषेतील पुरुषवाचक विशेषनाम आहे. श्मुएल, सॅम्युएल, सॅम्युअल आणि सामुएल ही त्याची मराठी लेखनात आढळणारी इतर रूपे होत. कोकणातील मराठीभाषक ज्यू समाजात, म्हणजे बेने इस्रायल समाजात, हे नाव ‘सामाजी’ या रूपाने रूढ होते. हिब्रू बायबलमधील शमुवेल हा संदेष्टा या नावाचा सर्वांत प्रसिद्ध धारक असून बायबलमधील दोन ग्रंथांना त्याचे नाव आहे. मराठी बायबलमध्ये ते ‘१ शमुवेल’ आणि ‘२ शमुवेल’ असे ओळखले जातात.

या नावाचा अर्थ ‘देवाने ऐकले’ असा सर्रास सांगितला जातो. मात्र नावाच्या हिब्रू लेखनाशी हा अर्थ जुळत नाही. बायबलमधील कथेत दिलेले स्पष्टीकरण वेगळे आहे आणि भाषाभ्यासकांनी केलेली फोड त्याहून वेगळी आहे. महाराष्ट्रात या नावाला स्वतंत्र इतिहास आहे. १७९६ मध्ये मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर यांचे नाव हे त्याचे सर्वांत परिचित उदाहरण आहे.

हिब्रू लेखन आणि घटक

हिब्रू लिपी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते आणि तिच्यात प्रामुख्याने व्यंजने लिहितात. शमुवेल हे नाव शीन, मेम, वाव, आलेफ आणि लामेद या पाच अक्षरांनी लिहिले जाते. यांपैकी शीन म्हणजे ‘श’, मेम म्हणजे ‘म’ आणि लामेद म्हणजे ‘ल’. वाव हे अक्षर येथे व्यंजन नसून ‘उ’ हा स्वर दाखवते. आलेफचा उच्चार कंठातील सूक्ष्म विरामासारखा होतो. त्यामुळे हिब्रू उच्चार ‘श्मू-एल’ याच्या जवळ जातो.

नावाचा शेवटचा घटक ‘एल’ याबद्दल वाद नाही. ‘एल’ हा देववाचक प्राचीन सेमिटिक शब्द असून अक्कडी भाषेतील ‘इलु’ आणि अरबीतील ‘इलाह’ हे त्याचे सगोत्र शब्द आहेत. इस्राएल, दानीएल, योएल, मीखाएल, गब्रीएल, यहेज्केल या नावांतही तोच घटक आहे. यशया, यिर्मया, ओबद्या, जखऱ्या या नावांच्या शेवटी ‘या’ येतो. तो इस्राएलच्या देवाच्या ‘याह्वे’ या नावाचा संक्षेप आहे. देवाचे नाव गुंफून माणसाचे नाव तयार करण्याची ही रीत मराठी वाचकास अपरिचित नाही. ‘देवाने दिलेला’ या अर्थाचे ‘देवदत्त’ आणि त्याच अर्थाचे हिब्रू ‘नथनेल’ ही दोन नावे एकाच कल्पनेतून घडलेली आहेत.

वाद आहे तो नावाच्या पहिल्या भागाविषयी, म्हणजे ‘शमु’ या अंशाविषयी.

बायबलमधील स्पष्टीकरण

शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथाचा आरंभ त्याच्या जन्मकथेने होतो. एलकाना नावाच्या गृहस्थाची पत्नी हन्ना हिला मूल नव्हते. शिलो येथील देवस्थानात तिने नवस केला की, मुलगा झाल्यास तो आयुष्यभरासाठी देवाच्या सेवेला वाहीन. तिला मुलगा झाला. परमेश्वराकडे त्याला मागून घेतले म्हणून तिने त्याचे नाव शमुवेल ठेवले, असे कथेत म्हटले आहे.

‘मागणे’ या अर्थाचा हिब्रू धातू ‘शाअल’ असा असून त्यात शीन, आलेफ आणि लामेद ही तीन अक्षरे येतात. ही तिन्ही अक्षरे शमुवेल या नावात आहेत. परंतु मधले मेम हे अक्षर धातूत नाही. त्यामुळे हन्नाचे स्पष्टीकरण ध्वनिसाम्यावर आधारलेले आहे, व्याकरणशुद्ध व्युत्पत्ती म्हणून ते टिकत नाही. ‘देवाकडून मागितलेला’ अशा अर्थाच्या मोठ्या शब्दसमूहाचा संक्षेप होऊन हे नाव बनले असावे, अशी जोडणीही काही जुन्या भाष्यकारांनी केली होती. प्राचीन कथांमध्ये नावांची अशी स्पष्टीकरणे वारंवार आढळतात. नावाचा शास्त्रीय उगम सांगणे हा त्यांचा हेतू नसतो. जन्मप्रसंगाची आठवण नावाशी बांधून ठेवणे एवढाच त्यांचा उद्देश असतो.

या प्रकरणात आणखी एक विशेष आहे. पहिल्या अध्यायात ‘शाअल’ या धातूची रूपे सात वेळा येतात आणि अध्यायाच्या शेवटी हन्ना मुलाचे वर्णन ‘शाऊल’ या शब्दाने करते. ‘मागितलेला’ किंवा ‘वाहिलेला’ असा त्याचा अर्थ. हाच शब्द इस्राएलचा पहिला राजा शौल याचे नाव आहे. यावरून काही अभ्यासकांनी असे अनुमान काढले की ही जन्मकथा मुळात शौलाची असावी आणि नंतर ती शमुवेलाशी जोडली गेली असावी. इतर अभ्यासकांना हे मत मान्य नाही. ज्या संदेष्ट्याच्या हातून पुढे शौलाचा अभिषेक होणार आहे, त्याच्या जन्मकथेतच शौलाच्या नावाचा ध्वनी लेखकाने हेतुपुरस्सर ठेवला आहे, असे ते मानतात.

‘देवाने ऐकले’ हा अर्थ

‘शमुवेल म्हणजे देवाने ऐकले’ हा अर्थ सर्वांत लोकप्रिय आहे. ‘ऐकणे’ या अर्थाचा हिब्रू धातू ‘शामा’ असा आहे. देवनागरीत लिहिल्यावर ‘शामा’ आणि ‘शमु’ यांतील साम्य सहज डोळ्यांत भरते. कथेचा आशयही या अर्थास अनुकूल आहे. हन्नाची विनवणी देवाने ऐकली. पुढे तिसऱ्या अध्यायात बालक शमुवेल रात्री देवाची हाक ऐकतो, परंतु ती वृद्ध याजक एली याची हाक आहे असे समजून त्याच्याकडे धावत जातो. तीन वेळा असे घडल्यावर एली त्याला खरा प्रकार सांगतो आणि चौथ्या हाकेला शमुवेल देवाला उत्तर देतो. ऐकणे हा या अध्यायाचा गाभाच आहे.

अडचण हिब्रू लेखनाची आहे. ‘शामा’ या धातूच्या शेवटी ‘आयिन’ हे अक्षर असते. आयिन हे कंठ्य व्यंजन असून मराठीत त्याला समतुल्य वर्ण नाही, त्यामुळे देवनागरीत ते लोप पावते. या धातूपासून बनलेल्या नावांत आयिन टिकून राहते. ‘देव ऐकतो’ या अर्थाचे इश्माएल, ‘याह्वेने ऐकले’ या अर्थाचे शमाया आणि त्याच धातूशी जोडले जाणारे शिमोन या सर्व नावांच्या हिब्रू लेखनात आयिन आहे. शमुवेल या नावात ते नाही. अक्षर मध्येच गळून पडले असे मानले तरच हा अर्थ लावता येतो. म्हणून लोकमानसात रुजलेला असला तरी ‘देवाने ऐकले’ हा अर्थ निश्चित म्हणून सांगता येत नाही. आलेफ आणि आयिन यांतील भेद देवनागरीत दिसत नसल्याने मराठी वाचकाच्या लक्षात ही अडचण सहसा येत नाही.

‘देवाचे नाव’ हा अर्थ

व्याकरणाच्या दृष्टीने सर्वांत कमी अडचणीची फोड ‘शेम’ या शब्दावर आधारलेली आहे. हिब्रूत ‘शेम’ म्हणजे नाव. त्यानुसार शमुवेल याचा अर्थ ‘देवाचे नाव’ किंवा ‘ज्याचे नाव एल आहे तो’ असा होतो. मधला ‘उ’ हा प्राचीन सेमिटिक भाषांतील प्रथमा विभक्तीच्या प्रत्ययाचा अवशेष असावा किंवा ‘त्याचे’ या अर्थाचा सर्वनामप्रत्यय असावा, अशी दोन मते आहेत. बायबलमधील बथुवेल आणि पनुएल या नावांतही ‘एल’ या घटकापूर्वी असाच ‘उ’ येतो. पनुएल या स्थळनामाचे पनीएल असे दुसरे रूपही बायबलमध्ये आहे.

या फोडीला मेसोपोटेमियातील नावांचा आधार मिळतो. इसवी सनपूर्व दुसऱ्या सहस्रकाच्या आरंभी त्या प्रदेशात अमोरी वंशाच्या राजांची सत्ता होती. बाबिलोनच्या पहिल्या राजवंशाचा संस्थापक सुमु-अबुम, त्याच्यानंतरचा सुमु-ला-एल आणि लार्सा नगरीचा राजा सुमु-एल या तिघांच्या नावांत ‘सुमु’ हा घटक आहे. त्याचा संबंध ‘नाव’ या अर्थाच्या शब्दाशी जोडला जातो. अक्कडी भाषेत ‘शुमु’ या शब्दाला नाव या अर्थाखेरीज ‘वंशज’ असाही अर्थ आहे. मराठीत वारसाबद्दल बोलताना ‘वंशाचे नाव राखणारा’ असे म्हणतात, त्यामागची कल्पना याहून फारशी निराळी नाही. शमुवेल हे नाव बायबलमधील कथेहून जुन्या नामपरंपरेत बसते, एवढे या उदाहरणांवरून दिसते.

बायबलमधील इतर शमुवेल

हिब्रू बायबलमध्ये याच लेखनाचे नाव आणखी दोन व्यक्तींना आहे. गणना या ग्रंथाच्या चौतिसाव्या अध्यायात शिमोन वंशाचा प्रतिनिधी म्हणून अम्मीहूदाच्या मुलाचा उल्लेख येतो. पहिल्या इतिहास ग्रंथाच्या सातव्या अध्यायात इस्साखार वंशातील तोलाच्या मुलांमध्ये हे नाव आहे. या दोघांच्या जन्माची कोणतीही कथा दिलेली नाही. नाव आधीपासून प्रचारात होते आणि हन्नाच्या नवसाची कथा त्यातील एका व्यक्तीपुरती आहे, ही बाब यावरून लक्षात येते.

शमुवेलाचे दोन ग्रंथ हिब्रू परंपरेत मुळात एकच होते. ग्रीक भाषांतरात त्यांचे दोन भाग झाले आणि पुढे छापील हिब्रू आवृत्त्यांनीही ही विभागणी स्वीकारली.

इतर भाषांतील रूपे

ग्रीक भाषेत ‘श’ हा ध्वनी नाही. त्यामुळे हिब्रू बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात हे नाव ‘सामुएल’ असे झाले. तेथून ते लॅटिनमध्ये आणि लॅटिनमधून बहुतेक युरोपीय भाषांत गेले. शलमोनचे सॉलोमन, शिमोनचे सायमन आणि शमशोनचे सॅमसन होण्यामागेही हेच कारण आहे. इंग्रजीत या नावाचा उच्चार ‘सॅम्युअल’ असा होतो आणि ‘सॅम’ हे त्याचे लघुरूप आहे. रशियनमध्ये सामुइल, तर यिद्दिश बोलणाऱ्या ज्यूंमध्ये श्मुएल आणि श्मुल ही रूपे आढळतात.

अरबीत शमूईल हे रूप असून समवाल हे नावही याच्याशी निगडित आहे. सहाव्या शतकातील ज्यू अरब कवी समवाल इब्न आदिया याच्या नावात ते आढळते. कुराणात शमुवेलाचा नामोल्लेख नाही. दुसऱ्या सुऱ्यात इस्राएलच्या लोकांनी ज्या संदेष्ट्याकडे राजाची मागणी केली असे वर्णन आहे, तो शमुवेल होय, असे भाष्यकार मानतात. जेरुसलेमजवळील नबी समवील या टेकडीवर त्याची कबर असल्याची परंपरा आहे.

मराठीतील लेखन आणि विभक्तिरूपे

मराठीत ‘श’ हा वर्ण असल्याने बायबलच्या मराठी भाषांतरात हिब्रूतील मूळ ध्वनी राखता आला. शमुवेल, शलमोन, शमशोन, शौल ही मराठी बायबलमधील रूपे ग्रीकमार्गे आलेल्या इंग्रजी रूपांपेक्षा हिब्रूला अधिक जवळची आहेत. बायबलचे मराठी भाषांतर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूर येथे विल्यम कॅरी यांच्या पुढाकाराने सुरू झाले. पुढे पंडिता रमाबाई यांनी हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

‘शमुवेल’ या लेखनातील ‘वे’ कडे पाहून हिब्रू वाव या अक्षराचा तो उच्चार असावा असे वाटण्याचा संभव आहे. प्रत्यक्षात वाव येथे ‘उ’ या स्वराचे चिन्ह आहे. ‘उ’ आणि ‘ए’ हे दोन स्वर लागोपाठ आले की उच्चारात मध्ये ‘व’ येतो, त्या मराठी प्रवृत्तीमुळे हा वर्ण आला आहे. बथुवेल या नावातही हेच घडले आहे.

विभक्तिप्रत्यय लागताना शमुवेल हे नाव अकारान्त पुल्लिंगी नामाप्रमाणे चालते, जसे शमुवेलाने, शमुवेलास, शमुवेलाचा. सामाजी हे रूप शिवाजी, तानाजी या नावांप्रमाणे चालते, जसे सामाजीने, सामाजीस, सामाजीचा. आदरार्थी सामाजींनी, सामाजींचा.

बेने इस्रायल समाजातील ‘सामाजी’

बेने इस्रायल हा मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यातील गावांत आणि मुंबईत वसलेला मराठीभाषक ज्यू समाज आहे. समाजाच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. गावोगावी स्थायिक झाल्यावर त्यांनी तेल गाळण्याचा व्यवसाय पत्करला. शनिवारी घाणा बंद ठेवीत असल्यामुळे त्यांना ‘शनवार तेली’ असे म्हटले जाई. मुलांची सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना या गोष्टी त्यांनी टिकवून ठेवल्या होत्या. ‘शेमा’ म्हणजे ‘ऐक’. वर उल्लेखिलेल्या ‘शामा’ या धातूचेच ते आज्ञार्थी रूप आहे.

या समाजातील पुरुषांची नावे हिब्रू मुळाची असली तरी त्यांचा घाट मराठी होता. मूळ नावाचा आरंभीचा अंश घेऊन त्यास ‘जी’ हा आदरार्थी प्रत्यय जोडला जाई. शमुवेलचे सामाजी, यहेज्केलचे हसाजी आणि इसहाकचे इसाजी अशी ही रूपे होती. यहेज्केल या नावातील ‘हेज्क’ या अंशाचे ‘हसा’ झाले. येसाजी, संभाजी, तानाजी या शेजारच्या नावांत सामाजी आणि हसाजी सहज मिसळून जात. नावातील ‘एल’ हा देववाचक घटक मात्र या प्रक्रियेत गळून गेला. ज्या घटकाच्या अर्थाविषयी दुमत नाही तोच लोप पावला आणि ज्याच्या अर्थाविषयी मतभेद आहेत तो ‘शम’ हा अंश ‘साम’ या रूपाने उरला.

आडनावे गावांवरून पडली. किहीमवरून केहिमकर, रोह्यावरून रोहेकर, पेणवरून पेणकर आणि दिवे या गावावरून दिवेकर. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही मराठी रीत या समाजानेही स्वीकारली. हिब्रू रीतीत स्वतःच्या नावापुढे ‘बेन’, म्हणजे ‘चा मुलगा’, हा शब्द आणि वडिलांचे नाव येते. वडिलांचे नाव जोडण्याची पद्धत दोन्हींकडे असल्याने एकाच व्यक्तीचे नाव दोन्ही रीतींनी सहज सांगता येई. मुलाचे नाव जन्मानंतर आठव्या दिवशी सुंतेच्या विधीत ठेवले जाते.

सामाजी हसाजी दिवेकर

सामाजी हसाजी दिवेकर (इंग्रजी लेखनात सॅम्युएल इझिकेल दिवेकर) हे अठराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या सैन्यात अधिकारी होते. समाजात सांगितल्या जाणाऱ्या कथेनुसार, दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात ते आणि त्यांचे बंधू इसाजी टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती लागले. आपण ‘बेने इस्रायल’ आहोत असे त्यांनी सांगितले, तेव्हा कुराणात बनी इस्राईलचा उल्लेख असल्याचे जाणणाऱ्या सुलतानाच्या आईने त्यांचे प्राण वाचवावेत अशी शिफारस केली. सुटका झाल्यास प्रार्थनास्थळ बांधीन असा नवस सामाजींनी बंदिवासात केला होता, असेही या कथेत सांगतात.

१७९६ मध्ये त्यांनी मुंबईत मांडवी भागात सिनेगॉग बांधले. त्याचे नाव ‘शार हरहमीम’, म्हणजे ‘दयेचे द्वार’. मुंबईतील हे पहिले सिनेगॉग होय. स्थानिक लोक त्यास ‘जुनी मशीद’ म्हणत. मध्य रेल्वेच्या हार्बर मार्गावरील मस्जिद या स्थानकाचे नाव या वास्तूवरून पडले असे मानले जाते. सिनेगॉग ज्या रस्त्यावर आहे त्यास सॅम्युएल स्ट्रीट म्हणतात आणि ते नाव दिवेकरांवरून आल्याचे सांगितले जाते. बायबलमधील शमुवेलाचा जन्म नवसातून झाल्याची कथा आहे. मुंबईतील सामाजींच्या नावाशी जोडलेली कथाही नवसाचीच आहे.

एकाच व्यक्तीची तीन नावे येथे दिसतात. मराठी व्यवहारात ते सामाजी हसाजी, इंग्रजी लेखनात सॅम्युएल इझिकेल आणि प्रार्थनास्थळाच्या हिब्रू रीतीनुसार शमुवेल बेन यहेज्केल.

एकोणिसाव्या शतकातील बदल

एकोणिसाव्या शतकात ‘जी’ प्रत्ययाची रूपे मागे पडू लागली. कोचीनच्या ज्यूंशी वाढलेला संबंध, मुंबईतील शहरी जीवन, मिशनच्या शाळा आणि इंग्रजी शिक्षण यांमुळे समाजाचा मूळ हिब्रू नावांशी पुन्हा परिचय झाला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीत प्रसिद्ध केले. हिब्रू प्रार्थनांचे मराठी भाषांतर करणारे जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) हे बेने इस्रायल समाजातील विद्वान मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते.

बदललेली पद्धत समाजाच्या इतिहासकाराच्या नावातही दिसते. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये बेने इस्रायल समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पूर्ण केला. तो १९३७ मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. त्यांच्या नावात मधले नाव वडिलांचे, म्हणजे शमुवेल, आहे. रचना मराठी, आडनाव कोकणातील गावाचे आणि शमुवेलचे रूप इंग्रजी असा हा संयोग आहे. पुढे काही कुटुंबांत गावाचे आडनाव सोडून वडिलांचे किंवा आजोबांचे नावच आडनाव म्हणून लावले जाऊ लागले. इंग्रजी कवी निसीम इझिकेल (१९२४–२००४) यांचे आडनाव अशा प्रकारचे आहे. सॅम्युएल हे आडनावही याच रीतीने आले.

१९४८ नंतर समाजातील बहुसंख्य कुटुंबे इस्रायलमध्ये स्थलांतरित झाली. आधुनिक हिब्रू ही तेथील व्यवहारभाषा असल्याने हे नाव तेथे ‘श्मुएल’ असे उच्चारले जाते.

मराठी ख्रिस्ती समाजात

मराठी ख्रिस्ती समाजात हे नाव व्यक्तिनाम आणि आडनाव अशा दोन्ही प्रकारे आढळते. येथे ते दोन वाटांनी आले. मराठी बायबलमधून ‘शमुवेल’ आणि इंग्रजी बोलणाऱ्या मिशनऱ्यांच्या सहवासातून ‘सॅम्युएल’. अहमदनगर परिसरात काम केलेले अमेरिकन मराठी मिशनचे सॅम्युएल फेअरबँक यांच्यासारख्या मिशनऱ्यांमुळे इंग्रजी रूप लोकांच्या कानांवर पडत असे.

विदर्भात यवतमाळ, दारव्हा, वणी या तालुक्यांच्या प्रदेशात अमेरिकेतील फ्री मेथडिस्ट मिशनने काम केले. यवतमाळ येथे १९५३ पासून युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था होती. १९८३ मध्ये ती पुण्यास हलवण्यात आली. कोकणात शमुवेलचे सामाजी झाले ते लेखी ग्रंथाच्या आधाराविना, बोलण्यातून. विदर्भात ते छापील बायबल आणि शाळा यांच्याबरोबर आले, म्हणून तेथे त्याचे मूळ रूप टिकले आणि ‘जी’ प्रत्ययाचा संस्कार झाला नाही.

नोंदी वाचताना

जुन्या कागदपत्रांत, शिलालेखांत किंवा वंशावळींत हे नाव वाचताना पुढील बाबी लक्षात घेणे उपयुक्त ठरते.

सामाजी, सॅम्युएल आणि शमुवेल या तीन नोंदी एकाच व्यक्तीच्या असू शकतात. वडिलांचे नाव आणि आडनाव ताडून पाहिल्याशिवाय त्या तीन व्यक्ती मानू नयेत.

केवळ नावावरून किंवा आडनावावरून धर्म ठरवता येत नाही. ‘जी’ प्रत्ययान्त नावे सर्वसाधारण मराठी आहेत आणि दिवेकर हे आडनाव हिंदू कुटुंबांतही आढळते. सामाजी आणि हसाजी अशी बापलेकांची दोन्ही नावे हिब्रू मुळाशी जुळत असतील, तर बेने इस्रायल असण्याची शक्यता बळावते.

सॅम्युएल हे इंग्रजी लेखन असलेली व्यक्ती ज्यू, ख्रिस्ती किंवा युरोपीय यांपैकी कोणीही असू शकते.

नावाचा अर्थ देताना ‘देवाचे नाव’ हा भाषाशास्त्रीय अर्थ, ‘मागून घेतलेला’ हे बायबलमधील स्पष्टीकरण आणि ‘देवाने ऐकले’ हा लोकप्रिय अर्थ असा भेद करणे आवश्यक आहे.

हे नाव असलेल्या काही प्रसिद्ध व्यक्ती

शमुवेल – हिब्रू बायबलमधील संदेष्टा व न्यायाधीश. शौल आणि दावीद या राजांना अभिषेक करणारा.

श्मुएल हनागीद (९९३–१०५६) – स्पेनमधील ग्रॅनडा राज्याचे वजीर, हिब्रू कवी.

सामाजी हसाजी दिवेकर – मुंबईतील पहिल्या सिनेगॉगचे संस्थापक.

सॅम्युएल जॉन्सन (१७०९–१७८४) – इंग्रजी कोशकार व समीक्षक.

सामुएल हानेमान (१७५५–१८४३) – होमिओपॅथी या उपचारपद्धतीचे जर्मन प्रवर्तक.

सॅम्युएल मोर्स (१७९१–१८७२) – तारायंत्राच्या विकासातील अमेरिकन संशोधक.

श्मुएल योसेफ अग्नोन (१८८८–१९७०) – हिब्रू कथाकार. १९६६ च्या साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी.

सॅम्युएल बेकेट (१९०६–१९८९) – आयरिश नाटककार; १९६९ च्या साहित्याच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी.